नवाचं शेपूट

"नाइन नव्हे गं, नाइनर. नवाला शेपूट लाव. बिनशेपटाचा नऊ कानात शिरता शिरता पाच होतो."

हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दोन खुर्च्यांच्या, खेळण्याएवढ्या विमानात बसली होती, आणि पुढच्या काचेतून बाहेरचं दिसावं म्हणून तिच्याखाली घरच्या सोफ्यावरची एक उशी होती. त्या उशीवरून तिचं नावच पडलं उशी. फ्लाइंग क्लबातले मेकॅनिकसुद्धा तिला उशी म्हणायला लागले. नाव पाडणारे अर्थातच सर, तिला उडायला शिकवणारे. सरांचा आवाज तेव्हा असा होता की इंजिनाच्या घरघरीवर तेलासारखा तरंगायचा. ते कधी ओरडले नाहीत. विमान वेडंवाकडं झालं तरी म्हणायचे, "अगं, हळू. त्याला पण गुदगुल्या होतात."

रेडिओवरचा सगळा कारभार इंग्रजीत. आणि इंग्रजीतले फाइव्ह नि नाइन म्हणजे जुळी भावंडं. पोटातला सूर एकच, फक्त डोक्यावरची टोपी आणि पायातली चप्पल वेगळी. खरखर वाढली की टोपी उडते, चप्पल निसटते आणि उरतो नुसता मधला 'आइ', उघडा आणि अनोळखी. म्हणून जगभरच्या वैमानिकांनी नवाला शेपूट लावलं, ओळखू यावा म्हणून. सर म्हणायचे, आपल्या भाषेत उडत असतो तर ही कटकटच नव्हती, नऊ कुठे आणि पाच कुठे. मग स्वतःच डोकं खाजवायचे. पण सात, आठ आणि साठ यांनी आपला जीव घेतला असता त्याचं काय? आणि एकोणसत्तर म्हणजे नक्की किती हे ठरेपर्यंत विमान उतरूनही गेलं असतं.

हे सगळं फार जुनं. आता दोघं एकाच विमान कंपनीत होते. डावीकडच्या खुर्चीवर सर, कॅप्टन. उजवीकडे ती, को-पायलट. उशी केव्हाच गेली होती, नाव मात्र राहिलं होतं.

सरांचं ऐकणं कमी झालंय हे तिला एका दिवसात कळलं नाही. ते संध्याकाळच्या उजेडासारखं गेलं, दिवा लावायची वेळ केव्हा झाली ते कळू न देता. आधी दिसलं ते रेडिओचं बटण. सर ते शेवटपर्यंत पिळून ठेवायचे. मग तिच्या लक्षात आलं की कुणी विनोद केला तर सर आधी इतरांचे चेहरे बघतात आणि मग हसतात, सगळ्यांत उशिरा नि सगळ्यांत मोठ्यानं. कुणी बोलायला लागलं की त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून घसरून ओठांवर येऊन बसायची. आणि केबिनमधून फोन आला की म्हणायचे, "तू बोल गं, बायकांचं बायकांशी." त्या फोनमधला आवाज पातळ येतो. पातळ आवाज त्यांना पेलत नव्हता.

आकड्यांचं मात्र ते अजून निभावून नेत होते. रोजचेच रस्ते, रोजचेच आकडे. पुढे काय येणार हे मनाला आधीच ठाऊक असलं की कानाला फारसं काम उरत नाही. वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत ते डॉक्टरांशी गप्पा मारत मारतच पास व्हायचे. पुढची तपासणी जवळ आली होती.

एकदा ती त्यांच्या घरी गेली होती. सर आत टीव्ही बघत होते. आवाज इतका की भिंतीवरची तसबीर थरथरत होती, तरीही नजर पडद्याखालच्या अक्षरांवर. काकूंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं, चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "तुलाही कळलंय ना?"

 काकू साखर घालत राहिल्या. म्हणाल्या, निवृत्तीला आता वर्षभरही राहिलेलं नाही. ह्यांना आत्ता खाली उतरवलं तर घरात काय येऊन बसेल ते मलाच ठाऊक. तू बरोबर असलीस की माझ्या जीवाला घोर नसतो. मग वळून त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. "तेवढं सांभाळून घे गं बाळा. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

तिनं मान हलवली. तोंडानं हो म्हटलं नाही, पण काकूंना मान पुरली.

त्या दिवसापासून ती दोघांचं एकटीनं ऐकायला लागली. जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरनं आकडा दिला की तो स्वतःशी पुटपुटल्यासारखा करून मोठ्यानं म्हणायची, सरांपर्यंत पोचावा म्हणून. दिशा म्हणायची, वेग म्हणायची, उंची म्हणायची. सर निमूट तो आकडा लावायचे. पण एकदा उतरल्यावर बॅग उचलता उचलता म्हणाले, "हल्ली फार बडबडतेस उशी," आणि तिच्याकडे न बघता जिना उतरून गेले. तेव्हापासून एक प्रश्न तिच्या मागे लागला, सरांना कळलंय का. घरी जेवताना, दात घासताना, आईशी फोनवर बोलताना तो तिथंच असायचा. कुणी दोनदा हाक मारली तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

आणि मग तो दिवस आला. दिवस कसला, भर दुपार.

डोंगरांच्या ओंजळीत ठेवलेल्या एका विमानतळावर त्यांना जायचं होतं. चारी बाजूंना डोंगर, मध्ये धावपट्टी. तिथं जाताना कंट्रोलर नेहमी आधी नऊ हजार फुटांवर आणून थांबवतो, कारण डोंगरांचे माथे आठ हजारांच्या आसपास आहेत. ते ओलांडले, दरी लागली, की मग पुढची पायरी. त्या दिवशी डोंगर दिसत नव्हते. ढगांनी सगळं गिळलं होतं. काचेबाहेर नुसतं पांढरं. दुधासारखं म्हणावं तर दुधाला तळ असतो.

विमान तिच्या हातात होतं, रेडिओ सरांकडे. तेरा हजारांवर दोघं पुढच्या आज्ञेची वाट बघत होते. तेवढ्यात केबिनचा फोन वाजला. सर नेहमीसारखे म्हणाले, "तू बोल. विमान माझ्याकडे." त्यांनी विमान घेतलं, तिनं फोन घेतला. केबिनची मुख्य, जिला सगळे ताई म्हणत, सांगत होती की मागे एका आजोबांना धाप लागलीय, ऑक्सिजन दिलाय, उतरल्यावर डॉक्टर तयार ठेवा. ती ऐकत होती, विचारत होती, कागदावर सीट नंबर टिपत होती. दुसऱ्या कानापाशी रेडिओ काहीतरी बोलला. आजची कंट्रोलर एक तरुण बाई, घाईची, नाकात सर्दी. शब्द तिच्या कानावरून ओघळून गेले. मग आकडा परत म्हणून दाखवणारा सरांचा आवाज, मग कुणीतरी तिसराच वैमानिक मध्ये घुसला, दोन आवाज एकमेकांवर चढले आणि रेडिओ किंचाळला. दोघं एकदम बोलले की तो असाच किंचाळतो. कंट्रोलर त्या तिसऱ्याच्या मागे लागली, सरांचं उत्तर तसंच राहून गेलं.

तिनं फोन ठेवला. सर म्हणाले, "घे, परत तुझ्याकडे. फाइव्ह थाउजंड." आणि उंचीच्या छोट्या खिडकीवर बोट ठेवलं. खिडकीत पाच हजार लागलेले होते आणि विमान उतरायला लागलं होतं.

इथं एक रीत आहे. कंट्रोलरनं दिलेली उंची एकानं लावायची, त्यावर बोट ठेवायचं. दुसऱ्यानं तिच्याकडे बोट दाखवून तोच आकडा म्हणायचा आणि पुढे 'चेक्ड' म्हणायचं. त्या 'चेक्ड'चा अर्थ मला आकडा दिसला असा नसतो. अर्थ असा की हा आकडा मी माझ्या कानांनी ऐकलाय. ऐकला नसेल तर म्हणायचं, मी ऐकला नाही, परत विचारा. त्यात लाज नाही, त्यात रुसवा नाही. हीसुद्धा सरांचीच शिकवण.

तिचं बोट उठलं. तोंड उघडलं. "फाइव्ह थाउजंड, चेक्ड."

बोलून गेली. सवयीनं म्हणावं तर सवयीनं. पण सवयीच्या खाली आणखी एक काहीतरी होतं. मी ऐकलं नाही म्हटलं असतं तर सरांना रेडिओवर परत विचारावं लागलं असतं, कंट्रोलरनं परत सांगितलं असतं, आणि ते पाच नसते निघाले तर? तर ह्या छोट्याशा खोलीत, ह्या दोन खुर्च्यांमध्ये, ती गोष्ट तिसऱ्या माणसासारखी येऊन बसली असती. तिला ती यायला नको होती.

बारा हजार. अकरा. इथं कधी पाच देत नाहीत, असं मन म्हणालं. तिनंच त्याला गप्प केलं. आज गर्दी नसेल. आज दुसऱ्या वाटेनं नेत असतील. दहा. सर नकाशाकडे बघत नव्हते, समोर बघत होते, पांढऱ्याकडे, शांत.

रोज नऊ हजारांवर विमान जरा नाक उचलतं. इंजिनं एक निःश्वास टाकतात, पोटातलं पाणी हलतं आणि सगळं सपाट होतं. तिचं अंग त्या निःश्वासाची वाट बघत होतं. नऊ हजार आले. निःश्वास आला नाही. विमान तसंच खाली चाललं, मऊ, आज्ञाधारक, सांगितलेलं ऐकणारं.

"पाचच ना, सर?" तिनं विचारलं.

सर वळले. हसले. "पाऊस? नाही गं, पाऊस कुठे. नुसते ढग आहेत."

  आपण कुणाच्या कानांवर विसंबून खाली चाललोय हे तिला आत्ता, आठ हजार सहाशे फुटांवर, ढगाच्या पोटात, लख्ख दिसलं.

तिनं रेडिओचं बटण दाबायला अंगठा टेकवला. रेडिओवर तो तिसरा वैमानिक अजून बोलतच होता, आपली दिशा, आपला वेग, आपलं इंधन, जणू सगळं आभाळ त्याच्या बापाचं. त्याच्यावर चढून बोललं तर पुन्हा किंचाळी, बाकी काही नाही. संपव बाबा. संपव. आठ हजार दोनशे. आठ हजार.

तो थांबला, आणि रेडिओवर सर्दीची बाई ताडकन त्यांचंच विमान पुकारू लागली. त्याच क्षणी कॉकपिटमधलं, जमीन जवळ आली की वर ओढा म्हणणारं यंत्र बोललं. यंत्राला भीती नसते, म्हणून त्याचा आवाज फार भीतीदायक असतो. "टेरेन. टेरेन. पुल अप."

मग विचार नाही, हातच. ऑटोपायलट सुटला, इंजिनं पूर्ण उघडली, नाक वर, आणखी वर. खुर्चीनं तिला खाली ओढलं. मागे काहीतरी आदळलं, भांडी वाजली, कुणीतरी ओरडलं. "पुल अप. पुल अप." पांढऱ्याला एके ठिकाणी भोक पडलं आणि त्यातून तिनं पाहिलं. खाली नव्हे, समोर, बाजूला, खिडकीच्या उंचीवर. ओला काळा कडा. कड्याच्या फटीत एक खुजं झाड, त्याची पानं उलटी पडून पांढरी दिसणारी. पानं मोजता आली असती. मग भोक बुजलं.

सरांचा हात तिच्या हातामागे, इंजिनाच्या दांड्यांवर, घट्ट.  

नऊ हजार. दहा. यंत्र गप्प झालं. रेडिओवर ती तरुण बाई, सर्दी विसरलेली, एकेक अक्षर दाताखाली धरून म्हणत होती, नाइनर. नाइनर थाउजंड. ह्याचं उत्तर उशीनंच दिलं. सरांनी रेडिओला हात लावला नाही.

उरलेली वाट कामाच्या शब्दांवर सरली. विमान उतरलं. दार उघडलं. लोक उठले, बॅगा ओढल्या. धाप लागलेल्या आजोबांना खुर्चीतून नेलं. जाताना त्यांनी तिला हात केला. एका माणसानं ताईला हसत विचारलं की रस्त्यात खड्डा होता का हो, आणि सगळे हसले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते आपापल्या माणसांकडे चालले होते.

कॉकपिटमध्ये दोघंच. सर टोपी मांडीवर घेऊन तिची कडा फिरवत बसले होते.

मग कंपनीचा ड्यूटीवरचा अधिकारी आला, घामेजलेला, कानाला फोन लावूनच. दारात उभा राहिला, फोन खिशात टाकला. म्हणाला, कंट्रोलवाल्यांचा फोन होता, ते म्हणतात नऊ दिले होते. त्या मुलीला खुर्चीवरून उठवलंय, दुसरी बसवलीय. सर म्हणाले, नऊ नाही, फाइव्ह दिले, स्वच्छ फाइव्ह, टेप काढा. अधिकारी म्हणाला, टेप निघेल पण त्याला दिवस लागतात. त्याला एवढंच हवं होतं की दोघांनी काय ऐकलं. कारण दोघांनी तेच ऐकलं असेल तर चूक पलीकडची, आणि इथली माणसं ठीक असतील तर परतीचं विमान सुटू शकतं. राखीव वैमानिक इथं कुणी नाही. प्रवासी केव्हाचे रांगेत उभे आहेत.

"आम्ही दोघांनी ऐकलं," सर म्हणाले. "हिनं चेक केलंय. विचारा हिला."

अधिकाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी होती. एक हो आणि सगळं मार्गी.  पाणी पिते, ती म्हणाली. त्याचा फोन पुन्हा वाजला आणि तो दाराबाहेरच्या कोपऱ्यात बोलत उभा राहिला.

तिनं पाण्याची बाटली हातात धरली, उघडली नाही. खिडकीतून दिसत होतं, खाली इंधनाची गाडी येऊन लागली होती, पिवळं जाकीट घातलेला माणूस नळी ओढत होता. त्याच्या मागे ढग आणि ढगांच्या आत डोंगर. परतीची वाट त्यांच्यातूनच जाणार होती. वर चढताना पुन्हा कुणीतरी आकडा देणार, पुन्हा सर तो घेणार, पुन्हा मागून कुणाचा तरी फोन येईल. काकू आत्ता घरी असतील. त्यांच्या जीवाला घोर नसेल, कारण ती बरोबर आहे.

आणि कुठेतरी एक मुलगी खुर्चीवरून उठवलेली, सर्दीनं लाल झालेल्या नाकाची, कुठल्यातरी कॉरिडॉरमध्ये आठवत असेल की आपण नक्की काय म्हणालो होतो.

सर काचेबाहेर बघत बोलत होते. परतीला इंधन जरा जास्त घेऊ, म्हणाले. ढग बरे नाहीत. हे नवे कंट्रोलर फार घाईनं बोलतात, तोंडातल्या तोंडात, आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांचा आवाज अजूनही तसाच होता, तेलासारखा. त्या आवाजानंच तिला आभाळ शिकवलं होतं. तोच आता तिला मोडायचा होता.

"सर," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

सर इंधनाच्या गाडीकडे बघत होते. "दोन टन तरी जास्त घेऊ," ते म्हणाले. "काय म्हणतेस?"

दारातल्या अधिकाऱ्याचा फोन कानापासून खाली आला होता. त्यानं ऐकलं होतं. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी तेवढं ऐकलं नव्हतं.

एकदा म्हणायलाच तिचा सगळा जीव लागला होता. तरी तिनं बाटली खाली ठेवली, हात लांब करून सरांच्या मनगटावर ठेवला आणि ते तिच्याकडे वळेपर्यंत, त्यांची नजर तिच्या डोळ्यांवरून घसरून ओठांवर येऊन बसेपर्यंत थांबली. मग एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाशी बोलावं तसं, त्यांच्या तोंडावर म्हणाली:

"सर, तुम्हाला ऐकू येत नाही. मला कधीपासून ठाऊक आहे, काकूंनाही ठाऊक आहे. आणि आज मी तो आकडा ऐकलाच नव्हता. तुम्ही म्हणालात म्हणून मी चेक्ड म्हटलं."

टोपीची कडा त्यांच्या बोटांत थांबली. ते तिच्या ओठांकडेच बघत राहिले, अजून काही यायचं असल्यासारखे. म्हणून तिनं तेही सांगितलं.

"मी आता तुमच्याबरोबर उडणार नाही, सर. मला भीती वाटते."